हातानं फेकलेला गोल

माझ्या धाकट्या जावेचा आवाज फार गोड आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. आता तीही म्हातारी झाली, दाढा पडल्या, पण आवाज तसाच. भाजीवाला तिच्या पिशवीत न मागता सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी टाकतो. मी त्याच भाजीवाल्याकडून पंचवीस वर्षं भाजी घेते, मला अजून मागावी लागते.

आमचं घर राजुऱ्याजवळ, कोळसा खाणीच्या वसाहतीला लागून. दोघं भाऊ एकत्र. मोठे म्हणजे आमचे हे, खाणीच्या वर्कशॉपात फिटर. धाकटे गडचांदूरला सिमेंट कारखान्यात, रोज बसनं जाऊन-येऊन. घर एक, चूल एक, टीव्ही एक. आणि सुना दोन. मी इकडचीच, धानाच्या गावातली, चौथी पास. बोलते तसं लिहिलं तर नात हसते, म्हणून लिहिताना मी 'मला' लिहिते; तोंडानं अजून 'मले'च म्हणते. जाऊ वर्ध्याकडची, मास्तराची मुलगी, बारावी झालेली. ती लग्न होऊन आली त्या दिवशी मी तिला म्हटलं, "ये वो, बस इथी." तर ती म्हणाली, "ताई, आधी आपण बसा ना." झालं. सासूबाई माझ्याकडे असं पाहायला लागल्या की जणू मी इतकी वर्षं त्यांच्या घरात नुसती ओरडतच होते.

आता फुटबॉलचं सांगते. खाणीत कामाला कुठकुठचे लोक आले, बंगालचे, केरळचे, तेलुगू बोलणारे, त्यांच्यासोबत हा खेळ आला. नव्वद सालानंतर तर दरवर्षी धान कापून झालं, थंडी पडली, की वसाहतीच्या मैदानावर टूर्नामेंट लागायची. आमचे हे तिथले रेफ्री. कुठली परीक्षा दिली नव्हती, पाहून-वाचून झालेले. नागपूरहून त्यांनी नियमांचं एक हिंदी पुस्तक आणलं होतं, अक्षरं मुंगीएवढी. त्यांना ती दिसत नसत. मग जेवणं झाली की मी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. सुरुवातीला मी एकेका शब्दाला अडखळायची. सहा महिन्यांत धडाधडा वाचायला लागले. बाकीच्या बाया पोथी वाचून वाचायला शिकल्या, मी फाऊल वाचून शिकले. त्या पुस्तकातला एकही नियम असा नव्हता जो मला पाठ नव्हता. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाचं आहे.

मैदानावर यांचं बोलणं म्हणजे एक नवलच होतं. घरी मला "अवो, पाणी" यापलीकडे शब्द नाही. पण शिट्टी गळ्यात पडली की माणूस बदलायचा. कोणी कोणाला पाडलं तर जवळ जाऊन म्हणायचे, "भाऊ, तुमच्यासारख्या खेळाडूले हे शोभत नाई. माफ करा, पिवळं दाखवावं लागते." वीस वर्षांच्या पोट्ट्याला 'तुम्ही'! मी बायांच्या बाजूला सतरंजीवर बसून ऐकायची आणि मनात म्हणायची, मीही एखादा फाऊल करावा, म्हणजे माझ्याशीही असं बोलतील.

एका वर्षी टूर्नामेंटमध्ये भांडण झालं, ते मायकमुळे. भोंग्यावर खेळाचं वर्णन करायला वडशाकडून एक नाटकात काम करणारा माणूस बोलावला होता. बोलण्यात पटाईत. त्यानं एका गोलकीपरला गाभण म्हैस म्हटलं, दुसऱ्या खेळाडूला म्हटलं, "हा मानूस नाई, धानातलं बुजगावनं आहे, कावळे बसतीन!" लोक हसले, पण बुजगावण्याचे सासरे समोर खुर्चीवर बसले होते. मग त्याच खुर्च्या उडाल्या.

पुढच्या वर्षी टूर्नामेंटचे सेक्रेटरी आमच्या घरी आले. सेक्रेटरी म्हणजे बाजारातले शिलाई मास्तर, सगळ्या टीमच्या बनियानी तेच शिवायचे. चहा घेता घेता म्हणाले, "भाबी, ह्या साली मायकवर इज्जतीनं बोलनारं मानूस पाह्यजे. प्रत्येकाले भाऊ म्हना, जी म्हना, पन शिवी नाई, नकल नाई. आनि आता तर केबलवालाबी मॅच दाखवनार आहे. त्याची खोली मैदानाले लागूनच आहे ना, वायर टाकली की घराघरात लाईव्ह. बायाबापड्या पाह्यतीन."

नियम मला येतात. खेळ मला दिसतो. मायक म्हणजे काय, भांडं तर धरायचं आहे हातात. मी चहाची बशी घेऊन तिथंच उभी राहिले. यांच्याकडे पाहत राहिले.

हे म्हणाले, "आमच्या लहान सुनेले सांगा. ती बोलली का फुलं पडते."

"आनि मी?" मी विचारलं. हसतच विचारलं हो, पण विचारलं.

"तू?" हे हसले. "तू बोलली का कोंबड्या उडते."

मास्तरही हसले. मी पण हसले. बशी आत नेऊन ठेवली, ती जरा जोरात ठेवली गेली.

सासूबाईंनी हरकत घेतली, पण ती वेगळीच. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. थोरला दीर म्हणजे भासरा. त्याच्यासमोर डोक्यावर पदर, त्याच्यासमोर बसायचं नाही, काही विचारायचं तर जावेच्या तोंडून. सासूबाई म्हणाल्या, "भासऱ्याच्या कानात सुनेचा आवाज जाईन, तोबी भोंग्यातून!" हे म्हणाले, "मैदानात मी भासरा नोहो, रेफ्री आहो." एवढ्यावर मिटलं. जाऊ डोक्यावर पदर घेऊन मायकसमोर बसणार असं ठरलं.

पण तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवणार कोण? हे शिकवू शकत नव्हते, भासरेच ना. घरातला भासरा मैदानावर रेफ्री होतो, पण घरात भासराच असतो. मग उरलं कोण? मी.

पंधरा दिवस मी तिला शिकवलं. ती पुस्तक घेऊन बसायची, पण ती हिंदी तिला कोरडी वाटायची. मी भाजी चिरता चिरता सांगायची. ऑफसाइड काही केल्या तिच्या डोक्यात जाईना. शेवटी मी म्हटलं, "हे पाह्य, लग्नाची पंगत आहे. वाढपी अजून मागंच आहे, आनि एक जन पुढं जाऊन सगळ्याच्या आधी पान धरून बसला. त्याले वाढतीन का? नाई. उठ म्हनतीन. तो ऑफसाइड."

ती टाळ्या वाजवून हसली. "ताई, किती छान सांगता हो तुम्ही! हे मी वहीत लिहून ठेवते."

तेव्हा मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू.

टूर्नामेंट सुरू झाली. पहिल्याच दिवशी तिनं मायक धरला आणि सगळं मैदान गप्प झालं. "आता नऊ क्रमांकाचे भाऊ चेंडू घेऊन निघाले आहेत. त्यांना अडवण्यासाठी चार क्रमांकाचे भाऊ पुढे आले आहेत." मग फाऊल झाला. ती म्हणाली, "चार क्रमांकाच्या भाऊंनी नऊ क्रमांकाच्या भाऊंना लाथ मारलेली आहे." लाथसुद्धा तिच्या तोंडून नमस्कारासारखी वाटली. लोक हसले, पण कोणी कोणावर धावून गेलं नाही. यांचा उल्लेख आला की ती नाव घेत नव्हती, 'पंच महोदय' म्हणायची. लोकांना वाटलं रेफ्रीला मान देते. मान कसला, भासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत म्हणून.

आणि मग दुसऱ्या मॅचमध्ये ऑफसाइड झाला. कोणीतरी ओरडलं, "काऊन थांबवलं?" तेव्हा भोंग्यातून आवाज आला, "समजा, लग्नाची पंगत आहे. वाढपी मागेच आहे, आणि एक भाऊ आधीच पुढे जाऊन पानावर बसले..."

अख्खं मैदान हसलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बाप्पा, काय हुशार आहे वो तुमची जाऊ!"

माझी पंगत. माझे वाढपी. माझं पान. मी पदरानं तोंड पुसलं.

त्या दिवशी घरी आल्यावर हे जेवताना म्हणाले, "कसं सांगतलं वो पोरीनं पंगतीचं! आता लहान पोरालेही ऑफसाइड समजन."

"ते मीच सांगतलं होतं तिले," मी म्हटलं.

"हव हव," हे म्हणाले, आणि भात मागितला.

हव हव! दोन शब्द. मी भात वाढला. त्या रागात जास्तच वाढला, त्यांनी तोही खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात वेगळंच सुरू झालं. आम्ही दोघी निघालो की लोक म्हणायचे, "टीव्हीवरच्या बाई आल्या." बांगड्यांच्या दुकानातल्या चाची तिला खुर्ची द्यायच्या आणि मला विचारायच्या, "आप इनकी कौन?" इतकी वर्षं त्यांच्याच दुकानात बांगड्या भरल्या मी! जाऊ लगेच म्हणायची, "या माझ्या थोरल्या जाऊबाई, यांनीच मला सगळं शिकवलं." तेही गोड आवाजात. तिच्या तोंडून माझं कौतुकही तिचंच होऊन जायचं. लोक तिलाच म्हणायचे, "किती मोठ्या मनाच्या!"

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात वाल सोलत बसलो होतो. तिच्या मांडीवर वही. तिनं विचारलं, "ताई, रेषेबाहेरून दोन्ही हातांनी चेंडू आत फेकतात ना, थ्रो? तो सरळ जाळ्यात गेला तर?"

मला नियम पाठ होता. फेकलेला चेंडू कोणालाही न लागता समोरच्यांच्या जाळ्यात गेला तर गोल नाही. समोरच्या टीमला गोल-किक. ते पानही डोळ्यांसमोर होतं, त्यावर हळदीचा डाग पडलेला होता.

मी म्हटलं, "गोल. त्यात काय विचारायचं?"

तिनं वहीत लिहिलं. अक्षरही गोड तिचं.

मला काय वाटलं होतं ते सांगते. वाटलं, असं कधी होणार आहे? हातानं फेकलेला बॉल कधी इतका लांब जातो? आणि झालंच तर तिची एक चूक होईल, लोक एकदा हसतील, आणि हे घरी येऊन म्हणतील, तुले तर माहीत होतं ना. एवढंच पाहिजे होतं मला. एवढंच.

फायनलला मैदान भरलं होतं, झाडांवर माणसं होती. एक टीम वसाहतीची, दुसरी सिरोंच्याकडची. सिरोंच्याच्या टीममध्ये ट्रकवर काम करणारा एक आडदांड गडी होता, त्याचे हात म्हणजे मुसळं. दोन्हीकडं एकेक गोल झालेला, खेळ संपायला थोडंच राहिलेलं. बॉल बाहेर गेला. त्या गड्यानं तो उचलला, मागं सरकला, धावत आला आणि फेकला. बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. गोलकीपरनं उडी मारली, पण हात पोचला नाही. जाळं हललं.

आणि भोंग्यातून आवाज आला, "गोल! अकरा क्रमांकाच्या भाऊंनी फेकलेला चेंडू सरळ जाळ्यात! भाऊंचं मनःपूर्वक अभिनंदन!"

तेव्हा मी हसले. ते माझ्या हातात नव्हतं. हसू आतून आलं, पदर तोंडावर धरला तरी आलं.

मग पाहिलं तर सिरोंच्याकडचे लोक ढोल घेऊन मैदानात शिरले होते. हे मधोमध उभे राहून हात हलवत होते, गोल नाही, गोल-किक. कोण ऐकते? "मायकवरून सांगतलं ना गोल! तुमच्याच घरची बाई बोलली ना!" एकानं शिट्टीची दोरी ओढली. दुसऱ्यानं खिसा धरला. तो खिसा मी सकाळी इस्त्री केला होता. हे म्हणत होते, "भाऊ, ऐका. भाऊ, ऐकून तर घ्या. भाऊ..." एकदाही 'तू' म्हणाले नाहीत. खिसा फाटला तरी 'भाऊ'. घरोघरी टीव्हीवर पाहणारे लोकही उठून मैदानाकडे धावत येत होते, कारण त्यांनीही गोल ऐकला होता. माझं हसू केव्हाच मेलं होतं, पण पदर तोंडावर तसाच राहिला होता.

शेवटी शिलाई मास्तरांनी मायक घेतला आणि जावेसमोर ठेवलेलं नियमांचं पुस्तक उघडून ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. हळदीच्या डागाचंच पान. लोक कुरकुरत मागं सरले. पुढं पेनल्टीवर वसाहतीची टीम जिंकली, तेव्हा सिरोंच्याचे लोक जाताना यांना म्हणाले, "घरचीच टीम, घरचाच रेफ्री." हे उत्तर द्यायला थांबले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं.

केबलवाल्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मॅच पुन्हा लावली. आमच्या पुढच्या खोलीत सगळे बसले होते. हे टीव्हीसमोर पलंगावर, सासूबाई खाली, शेजारपाजारची पोरं. जाऊ स्वयंपाकघराच्या दाराआड उभी, डोक्यावर पदर, तिथून तिला टीव्ही दिसत होता. मी मधे, उंबऱ्यावर.

थ्रो आला. जाळं हललं. "गोल!" आला. आणि कॅमेरावाल्यानं काय केलं, तर कॅमेरा बायांच्या बाजूला फिरवला. त्याला वाटलं असेल, बाया आनंदानं कशा उड्या मारतात ते दाखवावं. बाया उड्या मारत नव्हत्या, गोंधळून एकमेकींकडे पाहत होत्या. मधोमध मी. पदर तोंडावर, डोळे बारीक, खांदे गदागदा हलतायत.

"काकू टीव्हीवर! काकू टीव्हीवर!" पोरं नाचायला लागली. "काकू हसून राह्यल्या!"

सासूबाई म्हणाल्या, "काऊन हसत होती वो तू?"

मागं वळून जावेकडे पाहायची हिंमत झाली नाही. यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत टीव्हीकडे पाहिलं. तिथं आता त्यांचा खिसा फाटत होता.

मग ते म्हणाले, "तिले विचार."

आमच्याकडे असंच असतं. सून चार हातांवर दाराआड उभी असली तरी भासरा तिला सरळ विचारत नाही. मधे मी.

"काय विचारू?"

"थ्रोचा गोल होते, हे तिले कोनी सांगतलं, विचार."

मी वळले. तिच्या हातात वही होती. तिथं माझंच वाक्य लिहिलेलं, तिच्या सुंदर अक्षरात. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. ते रागानं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "ताई, भाऊजींना सांगा, मीच पुस्तक वाचताना चुकले. घाईत ओळ सुटली माझी. त्यांना माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, माफी मागते म्हणावं."

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं होतं. यांनीही. पण रीत रीत असते, ते मी सांगितल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत वाट पाहत होते.

मी सांगितलं. "ती म्हनते, तिनंच चुकीचं वाचलं. माफी मांगते म्हनते."

माझ्याच तोंडानं. शब्द न् शब्द. पुस्तकातलं फाऊलचं पान वाचतानाही कधी माझी जीभ इतकी जड झाली नव्हती.

हे म्हणाले, "बरं. सांग तिले, पुढच्या वर्षी नीट वाचून घे म्हनाव. बोलते चांगलं." आणि फाटका शर्ट माझ्या हातात दिला. "हा शिवून ठेव."

त्यांना कळलं होतं की नाही, मला आजवर माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. तो खिसा मी दोनदा शिवला. पहिल्यांदा वाकडा झाला म्हणून उसवला.

तुम्ही म्हणाल, मग हिचा मत्सर गेला. नाही गेला. उलट वाढला. आतापर्यंत तिचा आवाजच माझ्यापेक्षा चांगला होता. त्या दिवसापासून मनही चांगलं निघालं. माणसानं किती ठिकाणी हरायचं?

पुढच्या वर्षी शिलाई मास्तर आले, तेव्हा तिनं माझ्या तोंडून त्यांना निरोप दिला नाही, सरळ सांगितलं, ते काही भासरे नव्हते. म्हणाली, "मायकजवळ दोन खुर्च्या ठेवा. पुस्तक ताईंजवळ राहील." मास्तर माझ्याकडे पाहायला लागले. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि 'हव' म्हणून गेले.

तीन वर्षं आम्ही दोघी मायकसमोर बसलो. मी कानात सांगायची, ती भोंग्यात बोलायची. एकही नियम मी पुन्हा चुकीचा सांगितला नाही. टाळ्या तिलाच पडायच्या. पण कधीकधी हे मैदानावर काही निर्णय देऊन आमच्या बाजूला एक नजर टाकायचे, बरोबर आहे ना, अशी. ती नजर मायकवर नसायची. मी मान हलवायची.

मग टूर्नामेंट बंद पडली. नंतर तो मोठा वर्ल्डकप झाला ना, जपान आणि कोरियात, मॅचेस भर दुपारी लागायच्या. आम्ही दोघी कूलर लावून पाहत बसायचो. हे पलंगावर झोपलेले, जाऊ दाराआड, मी उंबऱ्यावर. नवीन टीव्ही होता, रंग छान, पण बसायच्या जागा त्याच.

कोणीतरी रेषेबाहेरून दोन्ही हात वर करून बॉल फेकायला उभं राहायचं. दाराआडून हळूच आवाज यायचा, तोच, साखरेचा.

"ताई, हा सरळ आत गेला तर गोल का हो?"

"गप राह्य वो," मी म्हणायची. आणि पलंगाकडे पाहायची. यांचे डोळे मिटलेले असायचे, पण मिशी हलायची.